हिरवा-पांढरा-हिरवा

"नायजेरियाचा झेंडा. उल्लंघन नाही." एवढं लिहून आमच्या लातूरच्या पोराने तो जॉब, म्हणजे तक्रार आलेला एक फोटो, एकोणीस सेकंदांत बंद केला होता. दुसऱ्या रात्री तोच जॉब तपासणीसाठी माझ्याकडे आला. मी फोटो पाहिला. लष्करी गणवेशातला एक तरुण, दंडावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बिल्ला. मीही 'अचूक' वर टिक मारली आणि पुढे गेलो. पोरगा नवा होता. मला या कामात सहा वर्षं झाली आहेत, म्हणून ही चूक त्याची कमी आणि माझी जास्त.

मी पुण्यात क्यूए आहे. सोशल मीडियावरच्या तक्रार आलेल्या पोस्ट ठेवायच्या की काढायच्या हे ठरवणाऱ्या मॉडरेटर मंडळींच्या निर्णयांतले काही उचलायचे आणि बरोबर की चूक ते ठरवायचं, हे माझं काम. कंपनीचं नाव सांगता येत नाही, आणि आम्ही ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचं तर नाहीच. रात्री नऊ ते सकाळी सहा. फोन लॉकरमध्ये ठेवायचा आणि मजल्यावर पेन-कागदही न्यायचा नाही. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर रक्त बघत बसतो. बघतो, पण व्हिडिओ आमच्यासमोर येतो तो कृष्णधवल, आवाज बंद आणि छोट्या चौकटींच्या जाळीत कापलेला. फोटो तेवढे रंगीत येतात.

आमची रांग, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी, द्वेषचिन्हांची. आणि हे सगळं घडलं दिवाळीच्या आठवड्यात, म्हणजे आमच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. या दिवसांत रांग फुगते ती आपल्याच स्वस्तिकांनी. कुणा मावशीच्या उंबरठ्यावरची रांगोळी, नव्या चोपडीवरचं कुंकवाचं बोट, नव्या स्कूटरच्या हेडलाइटवर काढलेलं, लग्नपत्रिकेवर गणपतीच्या बाजूचं. यंत्राला सगळं सारखंच. मी मात्र दुरून सांगू शकतो. आपल्या स्वस्तिकाच्या चार घरांत बहुधा चार टिंबं असतात, ते सरळ बसलेलं असतं, आणि आजूबाजूला हळद, फुलं, पणती, निदान एखादा 'शुभ लाभ' तरी असतो. नाझींचं बहुतेक वेळा पंचेचाळीस अंशांत कलतं, काळं असतं आणि लाल कापडावरच्या पांढऱ्या गोलात बसतं. भुजा कुठे वळतात यावर विसंबू नका, ते दोन्हीकडे दोन्ही सापडतं. यावर मी बारा पानांची टिपणी करून वर पाठवली होती. ती वापरतात असं ऐकतो. माझं नाव त्यावर नाही, ते सोडा.

पण त्या बारा पानांनी एक केलं. आमच्या सगळ्यांचे डोळे स्वस्तिकावर बसले. बाकी काही आलं की हात सैल.

तिसऱ्या रात्री तोच फोटो पुन्हा आला, वेगळ्या माणसाच्या तक्रारीवरून. तक्रारीखाली मजकुराला एक चौकट असते. तिच्यात बहुतेक लोक शिव्या लिहितात, आणि आमच्या नियमानुसार ती वाचली काय, न वाचली काय, निर्णय फोटोवरच द्यायचा. या माणसाने इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली होती. हा अजून सैन्यात आहे. कृपया झेंडा नीट बघा.

मी झूम केलं. नायजेरियाच्या झेंड्यात पांढरा पट्टा कोरा असतो. इथे मधोमध काहीतरी विणलेलं होतं. शिंगं मागे वळलेली दोन हरणं, त्यांच्यामध्ये ढाल, ढालीच्या हिरव्या भागावर सोनेरी कुदळ. आणि सगळ्याच्या वर एक दगडी पक्षी.

ऱ्होडेशिया.

माझ्या पिढीतल्या किती जणांना हे नाव माहीत असेल कोण जाणे. आजचा झिम्बाब्वे. तिथल्या मूठभर गोऱ्यांच्या सरकारने, काळ्यांच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून, ११ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनला न जुमानता स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं. जगातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. हा झेंडा आला १९६८ मध्ये. पुढे तिथे युद्ध पेटलं, आणि त्यात लढायला अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथून गोरे लोक विमानाची तिकिटं काढून गेले. १९८० मध्ये तो देश संपला. झेंडा संपला नाही. १७ जून २०१५ ला अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या डिलन रूफच्या जॅकेटवर तो होता, शेजारी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा. त्याच्या वेबसाइटच्या नावातही ऱ्होडेशिया होतं. रूफचा जन्मच १९९४ चा. जो देश त्याने पाहिलाच नाही, त्याचा बिल्ला त्याने लावला होता.

मग मी त्या खात्यावर बसलो. नियमाने बसायचं नसतं, दिलेला जॉब तेवढा बघायचा असतो. तिसऱ्या फोटोत हा गडी हाफ पँटीत, पोटरीवर गोंदण. दातेरी चाक आणि त्यावर एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे. पोराला विचारलं, हे काय वाटतं? म्हणाला, "सर, गॅरेजवाला असेल." हसू नका. लंडनच्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबच्या चिन्हातही तिरके हातोडे आहेत आणि त्यांचे चाहते आमच्याकडे नाहक अडकतात. पण त्या हातोड्यांना मागे खिळे उपटायची नखं नसतात आणि खाली दातेरी चाकही नसतं. शिवाय याच्या खात्याच्या नावाला शेपूट होतं ८३८. इंग्रजी मुळाक्षरं मोजा. आठवं एच, तिसरं सी, आठवं एच. 'हेल द क्रॉस्ड हॅमर्स'. हॅमरस्किन्स.

ही नव-नाझी स्किनहेडांची टोळी १९८८ मध्ये टेक्सासच्या डॅलसमध्ये उभी राहिली आणि संगीताच्या कार्यक्रमांमधून युरोप आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली. जर्मनीने तिच्यावर बंदी घातली ती २०२३ मध्ये. आपल्याकडच्या लोकांना ही टोळी माहीत नसली तरी तिचा एक माणूस आठवायला हवा. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात शिरून गोळ्या घालणारा वेड पेज. सहा जण त्या दिवशी गेले. अर्धांग होऊन पडून राहिलेले सातवे बाबाजी २०२० मध्ये गेले. पेज १९९२ ते १९९८ अमेरिकी लष्करात होता, काही काळ फोर्ट ब्रॅगला, मानसशास्त्रीय युद्धाच्या विभागात. त्याच तळावरच्या सैनिकांनी डिसेंबर १९९५ मध्ये शेजारच्या गावात एका कृष्णवर्णीय जोडप्याला गोळ्या घातल्या होत्या. लष्कराने चौकशी केली, समिती नेमली. पेज आणखी तीन वर्षं तिथे होता.

आमच्या प्रशिक्षणात यातलं काही नव्हतं. क्राइस्टचर्च होतं, न्यूझीलंडमधल्या मशिदींवरचा, फेसबुकवर थेट दाखवलेला गोळीबार. मार्च २०१९, ५१ बळी, आणि फेसबुकने जाहीर केल्याप्रमाणे पहिल्या चोवीस तासांत काढलेल्या त्या व्हिडिओच्या पंधरा लाख प्रती. त्यावरून हॅश शिकवतात. व्हिडिओचा ठसा घ्यायचा, तोच ठसा पुन्हा दिसला की यंत्र आपोआप अडवतं. हॅश उत्तम चालतो. पण हॅश झालेल्या गोष्टीला पकडतो. दंडावरच्या बिल्ल्याला, पोटरीवरच्या गोंदणाला, 'शिपिंग युरोपभर' असं पोलिश आणि पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या बिल्ल्यांच्या जाहिरातीला ठसा नसतो. त्या खात्याखाली चार भाषांत कमेंट होत्या. आमच्या रांगेत एकच भाषा येते, बाकीच्या त्या त्या देशांच्या रांगांत जातात. हे लोक एकत्र बसतात आणि आम्ही त्यांना भाषेप्रमाणे वेगळं करून बघतो.

रविवारी गावी गेलो होतो, साताऱ्याकडे. आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कामाचं बाहेर बोलायचं नसतं म्हणून मी गोलगोल विचारलं, "मामा, वर्दीवर शिपायानं स्वतःच्या आवडीचा बिल्ला लावला तर?"

"आरं, आपल्या मनाचं बटण लावता येत न्हाय, बिल्ला कुठला लावतोयस?" मग थोडं थांबून म्हणाले, "आन् लावलाच, तर त्याच्या वरच्याला दिसत न्हाय व्हय?"

पाश्चात्य सैन्यांत वेल्क्रोचे हौशी बिल्ले सर्रास चालतात, वरचे चालवून घेतात, हे मी मामांना सांगितलं नाही. पण त्यांचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण त्या फोटोत हा गडी एकटा नव्हता. मागे ट्रकजवळ तिघे उभे होते. एक जण हसत त्याच्याकडेच बघत होता.

खरं तर मी टिक का मारली तेही मला ठाऊक आहे. आमच्या घरात वर्दी दिसली की माणूस आधी सावरून बसतो. कॅनडाच्या राखीव दलातला पॅट्रिक मॅथ्यूज, सुरुंग-स्फोटकांचं शिक्षण घेतलेला इंजिनिअर, 'द बेस' नावाच्या नव-नाझी टोळीसाठी माणसं भरती करताना २०१९ मध्ये एका पत्रकाराने उघडा पाडला. तो सीमा ओलांडून अमेरिकेत गेला, जानेवारी २०२० मध्ये पकडला गेला, पुढे नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याबरोबर पकडलेल्यांत एक माजी अमेरिकी सैनिक होता. टोळीचा संस्थापक मात्र रशियात बसलेला अमेरिकन. हे सगळं मी पूर्वी वाचलेलं होतं. तरी टिक मारली.

मी प्रकरण एस्कलेट केलं, म्हणजे वरच्यांकडे पाठवलं. चौकटीत पाचशे अक्षरं मावतात. हरणं, कुदळ, ८३८, हातोडे, ट्रकजवळचे तिघे, सगळं कोंबलं. सगळ्यांचे निर्णय एकसारखे व्हावेत म्हणून आठवड्याला होणाऱ्या कॅलिब्रेशन कॉलवर उत्तर आलं. ऱ्होडेशियाचा झेंडा हा पूर्वीच्या राज्याचा झेंडा, द्वेषचिन्हांच्या यादीत नाही; संग्राहक आणि इतिहासप्रेमीही वापरतात. हे खोटं नाही, वापरतात. पोटरीचा फोटो हा वेगळा जॉब, त्याची तक्रार आलेली नाही. "सैन्यात आहे" हे तक्रारदाराचं म्हणणं, आशय नव्हे. मी विचारलं, मग हे कुणाला कळवायचं? कॉलवर सगळे म्यूट होते. कुणीतरी अनम्यूट केलं, खोकलं आणि पुन्हा म्यूट केलं.

लातूरच्या पोराचे गुण कापले गेले नाहीत, त्याचा इन्सेंटिव्ह वाचला. त्याने मला चहा पाजला. मी पण निमूट प्यायलो. एस्कलेशनचं पुढे काय झालं हे आमच्या मजल्यापर्यंत कधीच येत नाही, आणि ते खातं घरून उघडून बघणं करारात बसत नाही.

सिस्टीममध्ये मात्र तो जॉब शोधला की अजून सापडतो. शेरा: नायजेरियाचा झेंडा. निर्णय: अचूक. तपासणारा म्हणून खाली माझा आयडी.