वळवाच्या विजा आणि मावशीची खिडकी

चार वळीव वाया गेले, पाचव्याला विजेचा फोटो मिळाला.

कोल्हापुरात मे काढलेल्यांना हे चित्र नवं नाही. दुपारभर अंगाची लाही, चारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि दिवेलागणीला विजा सुरू होतात. फोटोसाठी हेच दिवस खरे. जून-जुलैच्या झडीत पाऊस चिक्कार, पण कडकडाट फारसा नाही.

पहिल्या वेळी ट्रायपॉड घेऊन थेट रंकाळ्याच्या काठावर गेलो. पाण्यात विजेचं प्रतिबिंब मिळेल असं डोक्यात होतं. भेळवाले काका गाडीवर ताडपत्री ओढत म्हणाले, "भावा, पाण्याकडंला उभारू नगंस, घरला जा." तेवढ्यात लखकन चमकलं. मी मोजलं, नवव्या सेकंदाला गडगडाट आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज जेमतेम तीन किलोमीटरवर होती आणि मी धातूच्या ट्रायपॉडला हात लावून उघड्यावर उभा होतो. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम मला माहीत होता. पाळला नव्हता. त्यानंतर एकदाही मोडलेला नाही, आणि विजेच्या फोटोबद्दल कुणी विचारलं तर आधी हेच सांगतो, कॅमेऱ्याचं नंतर.

मग फुलेवाडीतल्या मावशीचं घर आठवलं. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी, समोर रंकाळ्याच्या पाण्याची एक पट्टी आणि पलीकडे शहर. ट्रायपॉड खोलीत, लेन्सचं तोंड खिडकीच्या दोन गजांच्या मधे, आणि मी रिमोट घेऊन पलंगावर, खिडकीपासून लांब.

वीज दिसली की बटण दाबायचं, असं मला वाटायचं. त्यात एक आख्खी संध्याकाळ गेली. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत ती विझलेली असते. शटर आधीच उघडं ठेवून वाट बघायची असते: आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) 100, अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ 8, शटर 20 सेकंद, आणि एकामागून एक फ्रेम. यातली एक गोष्ट मला उशिरा उमगली. वीज क्षणभरच असते, त्यामुळे शटर दहा सेकंद उघडं राहो की तीस, तिची रेघ तेवढीच उजळ येते. ती रेघ ठरते अॅपर्चर आणि आयएसओवर. शटरच्या वेळेवर ठरतो तो शहराचा उजेड.

तिसऱ्या वळवाला ऑटोफोकसनं दगा दिला. अंधारात लेन्स नुसती पुढंमागं फिरत राहिली आणि सगळे फोटो धुरकट आले. आता लांबच्या मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून त्यावर फोकस लावतो, मॅन्युअलवर टाकतो आणि रिंगवर चिकटपट्टी मारतो.

चौथी वेळ अजून सलते. 20 सेकंदांची फ्रेम संपली की कॅमेरा आणखी 20 सेकंद गप्प बसायचा, शटर उघडायचाच नाही. नेमक्या त्या वेळात आभाळ उभं चिरत एक वीज खाली आली, तिच्या फांद्या अर्ध्या शहरावर पसरल्या, आणि मी रिमोट दाबत राहिलो. मेनूमधे लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं. त्यात प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तितक्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतो, फोटोत उमटलेले दाणेदार ठिपके काढायला. म्हणजे निम्मा वळीव माझा कॅमेरा आंधळा होता. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हे बंद करायला विसरू नका.

पाचव्या वेळी शहराच्या उजेडानं आभाळ पिवळट येत होतं म्हणून एफ 11 वर आलो, तर विजा दोऱ्यासारख्या बारीक. एवढ्यात वारं सुटलं आणि लाईट गेली. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "मेणबत्ती कुठं ठेवल्या रं?" समोरचं शहर काळंठिक्कर. मी चाचपडत अॅपर्चर एफ 5.6 केलं, शटर 30 सेकंद.

तिसऱ्या फ्रेमला ती आली. तीन-चारदा लुकलुकली, कारण एकाच वाटेनं विजेचे झोत पुन्हा पुन्हा जातात. खाली पाण्याची पट्टी पांढरी झाली, शेजारच्या गच्चीवरची टाकीसुद्धा स्पष्ट उमटली. गडगडाट सव्विसाव्या सेकंदाला आला, म्हणजे साडेआठ किलोमीटरच्या आसपास. पुढच्या विजेला मात्र 12 च सेकंद लागले. कॅमेरा आत ओढला, खिडकी लावून घेतली.

मावशीनं मेणबत्ती बाजूला धरून स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "ही तर रंकाळ्याच्या पल्याड पडल्या," ती म्हणाली, आणि टाकीकडं बोट दाखवून, "झाकण उघडंच ऱ्हायलंय बघ त्यांचं."