पाच फोटोंत कॉम्प्युटर काय शिकतो?

फोटो ओळखणारी मॉडेल्स तयार करणं हे माझं काम, असं कळलं की एक प्रश्न ठरलेला: "कॉम्प्युटरला लाखो फोटो लागतात ना? मग तुमचं पाच-पाच फोटोंवर कसं भागतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

लाखो लागतात हे खरंच आहे, फक्त ते त्याने आधीच पाहिलेले असतात. इमेजनेट या नावं दिलेल्या फोटोंच्या प्रचंड संग्रहावरच्या २०१२ च्या स्पर्धेत प्रशिक्षणासाठी १,००० प्रकारांचे सुमारे १२ लाख फोटो होते. अशा ढिगातून मॉडेलची नजर तयार होते; कडा, पोत, आकार त्याला कळू लागतात. आपले पाच फोटो येतात तेव्हा बघायचं कसं हे त्याला येत असतं, कशाला काय म्हणायचं एवढंच राहिलेलं असतं.

मला सगळ्यात आवडते ती २०१७ ची प्रोटोटिपिकल नेटवर्क्सची पद्धत. प्रत्येक फोटोचे आकडे होतात. तो नकाशावरचा एक ठिपका समजा. सारखे फोटो जवळजवळ पडतात. पाच ठिपक्यांची सरासरी काढली की त्या प्रकाराचा मध्यबिंदू मिळतो, आणि नवा फोटो ज्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ, ते त्याचं नाव. एवढी साधी गोष्ट चालते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कस लागतो तो फोटो निवडताना. पानावरचा तांबेरा ओळखायला मी रोगट पानांचे पाच आणि निरोगी पानांचे पाच फोटो दिले होते. मॉडेल हातात धरलेल्या हिरव्यागार पानालाही रोगट म्हणू लागलं. दहाही फोटो समोर मांडले तेव्हा लक्षात आलं: डाग नीट दिसावेत म्हणून रोगट पान मी दर वेळी चिमटीत धरलं होतं, निरोगी पानं मात्र झाडावरच होती. हजार फोटोंत एखादा अंगठा बुडून जातो. पाचांत पाचही वेळा आला, तर मॉडेलच्या लेखी तोच रोग.

फोटो वाढवले नाहीत, बदलले. काही निरोगी पानं चिमटीत धरली, काही रोगट पानं झाडावरच ठेवली; एक उन्हात, एक सावलीत, एक खालच्या बाजूने. अंगठा दोन्हीकडे आल्यावर त्यावरून काहीच ठरेना, आणि दोन मध्यबिंदूंमध्ये फरक उरला तो तांबूस पुळ्यांचा.

आता कुणी पाच फोटो पाठवले की मी लगेच मॉडेल चालवत नाही. पाचही शेजारी-शेजारी लावते आणि हव्या त्या वस्तूखेरीज त्यांत आणखी काय सारखं आहे, ते शोधत बसते.