स्टॉक कूलर काढून टॉवर बसवला: मोजमापांसकट माझा अनुभव

मी घरी बसून पुस्तकं वाचते आणि ध्वनिमुद्रित करते. टेबलावर माइक आणि हाताच्या अंतरावर कॉम्प्युटर. एक प्रकरण वाचत असताना आधीच्या प्रकरणाची फाइल मागे साफ होत असते, त्यामुळे प्रोसेसरला उसंत अशी नसतेच. काही महिन्यांपासून प्रत्येक फाइलच्या तळाशी कॉम्प्युटरच्या पंख्याची एक बारीक घरघर यायला लागली. सॉफ्टवेअरने ती काढता येते, पण त्याबरोबर ‘स’, ‘श’, ‘ह’ यांच्या कडाही झिजतात आणि वाचणारी बाई पत्र्याच्या डब्यात बसली आहे असं वाटायला लागतं. ते मला सहन होईना.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स, सहा कोअरचा. खोक्यावर टीडीपी (कूलरने किती उष्णता काढावी याचा ढोबळ आकडा) ६५ वॅट लिहिलेला असला तरी मूळ सेटिंगवर पूर्ण भार दिला की तो ७६ वॅटपर्यंत वीज घेतो. त्याची कमाल तापमानमर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि त्याला थंड ठेवण्यासाठी सोबत आलेला ‘स्टॉक’ कूलर तापमान या मर्यादेच्या बराच खाली ठेवत होता. म्हणजे त्याचं काम तो चोख करत होता. फक्त त्यासाठी त्याच्या छोट्या पंख्याला फार धावावं लागत होतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: ‘मला घरघर कमी करायची आहे, अंश किती उतरतात ते नंतर.’ नवा कूलर तपासताना हे वाक्य वारंवार उपयोगी पडलं.

घेण्याआधी टेप घेऊन बसले. माझ्या कॅबिनेटमध्ये कूलरला १६० मिलिमीटर उंचीची मुभा आहे. निवडलेला टॉवर, म्हणजे उभा कूलर, १५५ मिलिमीटरचा: चार हीटपाइप (उष्णता वर वाहून नेणाऱ्या नळ्या), त्यांत ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा. रॅमकडे (मेमरीच्या पट्ट्यांकडे) बघायला बरेच जण विसरतात. रॅमच्या पट्ट्या उंच असतील तर पंखा वर सरकवून लावावा लागतो, मग तो टॉवरच्याही वर जातो आणि बाजूचं झाकण बसत नाही. माझ्या दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत, पंख्यासमोरची पहिली खाच रिकामी, त्यामुळे मी सुटले.

सगळ्यात जास्त वेळ जुन्या कूलरवर घालवला. नवा बसवल्यावर ‘फरक पडला’ म्हणायचं तर आधी काय होतं ते नीट माहीत हवं. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ साधा थर्मामीटर ठेवला. प्रोसेसरला पूर्ण भार देणारं सिनेबेंच आर२३ सलग तीस मिनिटं चालवलं, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदी चालू ठेवल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी काढली. तीस मिनिटं अशासाठी, की जड कूलर तापायलाच वेळ घेतो. दोन मिनिटांत चाचणी थांबवली तर त्याचं वजनच त्याची बाजू मारून नेतं आणि आकडे उगाच सुंदर दिसतात.

जुन्या कूलरचा आकडा आला ८४ अंश, खोलीत २७, पंखा मिनिटाला सुमारे २६०० फेरे. दुसऱ्या दुपारी खोली ३० वर गेली तर तोच कूलर ८७ दाखवायला लागला. कूलर तोच, काम तेच, फक्त त्याच्यात जाणारी हवा गरम. म्हणून वहीत नुसतं तापमान लिहायचं सोडून दिलं आणि ‘खोलीपेक्षा किती वर’ हे लिहायला लागले. इथे ५७. दर वेळी प्रोसेसर खरोखर ७६ वॅटच घेतो आहे ना, हेही बघत होते. काही मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड) आपोआप ही मर्यादा सैल करतात, आणि मग दोन कूलरना दोन वेगळ्या आगींशी झुंजायला लावून आपण तुलना करत बसतो.

आवाजासाठी मोबाइलच्या ॲपवर विसंबले नाही. इतक्या हळू आवाजात त्यांचा भरवसा नसतो. माझ्याकडे चांगला माइक आहे, तोच मोजपट्टी केला. रात्री, एकाच जागी, गेन (माइकचा आवाज वाढवण्याची पातळी) न हलवता तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करायची आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिची पातळी बघायची. कॉम्प्युटर बंद असताना उणे ६४ डेसिबल (उणे आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त). जुना कूलर पूर्ण भारावर असताना उणे ४७.

मग जुना काढणं. माझा प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता पोचवणारी पेस्ट सुकल्यावर इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर खटका लावलेला असूनही त्याच्यासोबत उपटून येऊ शकतो. म्हणून आधी दहा मिनिटं भार देऊन पेस्ट मऊ केली, कॉम्प्युटर बंद करून वायर काढली, चारही स्क्रू आडवेतिडवे थोडेथोडे सैल केले आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवला. आणखी एक: हे स्क्रू निघाले की मदरबोर्डच्या मागची पट्टी मोकळी होते. नवा कूलर तिच्यावरच बसणार होता, म्हणून एक हात मागे धरून ठेवला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसली.

पहिल्या बसवणीनंतर आकडा आला ७४. एवढा मोठा टॉवर आणि फक्त दहा अंश? मन खट्टू झालं. परत उघडला, तर पेस्टचा ठसाच सगळं सांगत होता: एका बाजूला जवळजवळ कोरी धातू, दुसऱ्या बाजूला जाड थर. मी एक स्क्रू आधी पूर्ण आवळला होता, मग दुसरा. पुन्हा पुसलं, पुन्हा पेस्ट लावली आणि या वेळी दोन्ही स्क्रू दोन-दोन फेरे, आळीपाळीने. ६६. खात्री करायला तिसऱ्यांदाही काढून बसवला, ६७ आला. एकाच बसवणीवरून मत द्यायचं नाही हे मला त्या ७४ ने शिकवलं, कारण तिथेच थांबले असते तर चांगल्या कूलरला वाईट ठरवून मोकळी झाले असते.

खोली २७ होती, म्हणजे खोलीपेक्षा ३९ वर. ७६ वॅटने भागलं तर जुन्याचा हिशेब वॅटमागे ०.७५ अंश, नव्याचा साधारण ०.५१. पण याहून महत्त्वाची चाचणी पुढची होती. नव्या कूलरचा पंखा १८०० फेऱ्यांवरून ९०० वर आणला. तापमान ६६ वरून ७१. वारा निम्म्यावर आला आणि फरक फक्त पाच अंशांचा! याचं कारण प्रोसेसरच्या झाकणाखाली आहे. कोअर असलेली चिप जेमतेम ८० चौरस मिलिमीटरची, अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान, आणि झाकणाच्या मधोमधही नाही. बहुतेक उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यातून बाहेर पडते. तिथून झाकण आणि पेस्ट ओलांडून कूलरच्या तळाच्या तांब्यापर्यंत पोचण्यातच बरेच अंश खर्ची पडतात, आणि त्या वाटेवर कुठलाही पंखा काही करू शकत नाही. म्हणूनच माझ्यासारख्या ७६ वॅटच्या प्रोसेसरवर दुप्पट मोठा, दोन टॉवरचा कूलर घ्यायचा मोह मी सोडला. १४२ वॅटपर्यंत जाणारा ५८००एक्स प्रोसेसर असता तर वेगळा विचार केला असता.

आवाजाचं काय? टॉवर १८०० फेऱ्यांवर उणे ५४, ९०० वर उणे ६३. पंख्याची गती निम्मी केली की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो असा ढोबळ नियम आहे. मला नऊच दिसले, कारण उरलेले खोलीच्या स्वतःच्या उणे ६४ मध्ये बुडाले. म्हणजे पंखा खोलीच्या शांततेखाली गेला होता. पाच अंश देऊन एवढं मिळत असेल तर मी ते कधीही देईन. प्रोसेसरची घड्याळगतीही (काम करण्याचा वेग) सुमारे ७५ मेगाहर्ट्झने वाढली, कारण थंड चिपमध्ये वीज कमी गळते आणि त्याच ७६ वॅटमध्ये थोडं जास्त काम होतं. मला त्याचा उपयोग नगण्य, पण नोंद केली. खोली मात्र पहिल्याइतकीच तापते. ७६ वॅट हे ७६ वॅटच, कूलर फक्त ते चिपमधून लवकर बाहेर काढतो.

एक अडचण पहिल्याच रेकॉर्डिंगला कळली. हा प्रोसेसर एखादा प्रोग्रॅम उघडला तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि पंखा त्याच्यामागे धावतो. वाक्याच्या मधेच ‘सूंऽऽ’ करून वर जाणारा आवाज सतत चालणाऱ्या घरघरीपेक्षा जास्त खुपतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ६५ अंशांपर्यंत ७०० फेरे कायम ठेवले, ७५ पर्यंत ९००, त्यापुढे झपाट्याने वर, आणि तापमान वाढल्यावर पंख्याने काही सेकंद थांबून मगच हलावं अशी सोय केली. तेव्हापासून उड्या येतात-जातात, पंख्याला पत्ताही लागत नाही.

चार महिन्यांनी पहिलीच चाचणी पुन्हा केली: पूर्ण वेग, खोली २७, आकडा ६९. पत्र्यांच्या पुढच्या कडेवर धूळ साचली होती. पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने झटकली, ६७ वर आला. आता मध्यरात्री हेडफोन लावून ऐकलं की शांततेत एकच गोष्ट उरते, जुन्या हार्ड डिस्कची टकटक. तिच्याखाली रबराचे तुकडे लावून बघते आहे.