व्हाउचर कुठाय?

सोसायटीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास येतो. "खर्च झाला हो, मान्य. पण व्हाउचर कुठाय?" विचारणारा निवृत्त बँकवाला असतो आणि खजिनदार खिसे चाचपत असतो. त्यात हल्लीची बिलं त्या गुळगुळीत कागदावरची. चार महिने ड्रॉवरमध्ये राहिली की पांढरीफटक. पेट्रोल पंपाचं नाव तेवढं पुसट दिसतं, आकडा गायब!

अशा वेळी मला डॅनियल टॉम्पकिन्स आठवतो. अमेरिकेचा सहावा उपाध्यक्ष, 1817 ते 1825. अमेरिकेतही त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसावं. स्कार्सडेलच्या शेतकऱ्याचा मुलगा, कोलंबिया कॉलेजात शिकला, 1807 मध्ये न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. उपाध्यक्षपदावर जाता जाता त्याने राज्यातली गुलामगिरी संपवायची तारीखही ठरवून घेतली: 4 जुलै 1827. माणूस कामाचा होता, यात वादच नाही.

घोटाळा झाला तो 1812 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या युद्धात. सरहद्दीवरच्या फौजेला पगार हवा, दाणागोटा हवा आणि केंद्र सरकारची तिजोरी रिकामी. बँका सरकारी कागदावर कर्ज द्यायला राजी नव्हत्या. गव्हर्नरसाहेब, तुमची सही करा म्हणाल्या. याने केली, पुन्हा पुन्हा केली. राज्याचा पैसा, केंद्राचा पैसा आणि स्वतःचा पैसा एकाच पिशवीत गेला. आता तोफा धडधडत असताना पावत्या कोण फाईलला लावत बसणार? पण युद्ध संपलं आणि ऑडिट आलं. राज्याच्या हिशेबनिसाला 1,20,000 डॉलरची व्हाउचरं सापडेनात. पैसे खाल्ले असं नव्हे, कागद नव्हते.

1819 मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने त्याला कर्जउभारणीचं कमिशन मंजूर केलं, म्हणजे खड्डा परस्पर बुजावा. गप्प बसला असता तर सुटला असता. पण हा पठ्ठ्या म्हणाला, माझं कमिशन याहून जास्त होतं, उलट राज्यच मला 1,30,000 डॉलर देणं लागतं! झालं, विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. 1820 मध्ये उपाध्यक्ष असतानाच तो पुन्हा गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि तेव्हाचा गव्हर्नर डेविट क्लिंटनकडून हरला.

पुढे दारू वाढली. सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, चालवणं हे उपाध्यक्षाचं काम. पण बरेचदा तो तिकडे फिरकतच नसे, आणि आला तर खुर्चीत बसून ठराव मताला टाकणंही त्याला जड जाई, असं तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवलंय. मला त्याची कीव येते, पण त्या हिशेबनिसाचा राग काही येत नाही. त्याने दुसरं करायचं तरी काय?

अध्यक्ष मन्रोंनी त्याची बाजू उचलून धरली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केंद्राकडे असलेलं त्याचं येणं अखेर मान्य केलं. तोवर फार उशीर झाला होता. मार्च 1825 मध्ये त्याचं पद संपलं आणि 11 जूनला स्टेटन आयलंडवर तो गेला, पन्नाशीच्या आतबाहेर. मागे राहिलेल्या मालमत्तेवर सावकार होतेच.