कंट्रोलर म्हणतोय पोट भरलं, बॅटरी मात्र उपाशी

मंडळी, घरच्या सोलरवर रात्री साडेनऊलाच लोड कट होतोय, म्हणजे पंखा वगैरे बंद पडतोय म्हणून गेल्या वेळी रडत होतो बघा, त्याचा छडा लागला एकदाचा.

सेटअप तोच, कोल्हापुरात फुलेवाडीत गच्चीवर १५० वॉटचं पॅनल, जिन्याच्या वरच्या टोकाला २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत किती करंट सोडायचा ते ठरवणारा डबा, साध्या प्रकारातला) आणि खाली १०० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिडवाली बॅटरी. पावसाळाभर ढगांवर ढकललं सगळं, पण दसरा झाला, ऊन कडक पडलं तरी तेच, सकाळी अकरालाच डिस्प्लेवर १४.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरत आल्याची खूण, आणि ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता, चार्ज वाढला की वाढते) बघावी तर ११९०, म्हणजे अर्धवटच. दुकानदार म्हणाला बॅटरी गेली, नवीन घ्या. मी म्हटलं थांबा जरा.

रविवारी ७ अँपिअर चालू असताना, म्हणजे १४.४ ला टेकायच्या बेतात, मीटर लावला. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४ आणि बॅटरीच्या पोलवर १३.६! ०.८ व्होल्ट वाटेतच गायब. आता कंट्रोलर बिचारा स्वतःच्या टर्मिनलवरचंच व्होल्टेज बघतो, त्याला वाटतंय झालं पोट भरलं आणि तो करंट कापायला लागतो.

मग मीटरची एक पिन इकडं एक तिकडं असं तुकड्या-तुकड्यानं मोजत गेलो (हे करंट वाहत असतानाच करायचं, नाहीतर सगळीकडं शून्यच दिसतंय). २.५ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन येऊन ६ मीटर, तिच्यात ०.३ व्होल्ट. बाकीचं जवळजवळ सगळं फ्यूज होल्डरमधे, एकट्याचे ०.४५, म्हणजे तीन वॉट नुसते तापण्यात. हात लावला तर चटकाच बसला. उघडून बघतोय तर प्लास्टिक पिवळं पडून वाकलेलं, पत्तीवर हिरवा गंज आणि वायरच्या निम्म्या तारा स्क्रूच्या बाहेर. ते कनेक्शन कुणी केलेलं विचारू नका.

कंट्रोलरच्या वायरी काढताना आधी पॅनलची, मग बॅटरीची, जोडताना बरोबर उलटं. बॅटरी नसताना पॅनलचे २१-२२ व्होल्ट थेट कंट्रोलरवर येतात, त्यात लोड जळू शकतोय. शिवाय सिस्टीम १२ व्होल्टची का २४ ची हे तो बॅटरी बघूनच ठरवतो. पॅनल झाकायला आईची वाकळ नेली त्यावरनं जी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता कंट्रोलर खाली बॅटरीशेजारी आणला, मीटरभर ६ स्क्वेअरची वायर, लग (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) उद्यमनगरात ओळखीच्याकडं दाबून आणले, होल्डर नवीन. वाटेतला ड्रॉप आता ०.१ व्होल्टच्या आसपास. पॅनलची वायर लांबली पण तिकडं दोन-तीन व्होल्ट जास्तीचेच असतात, पीडब्ल्यूएमला फरक पडत नाही.

चार दिवसांत ग्रॅव्हिटी १२३५, काल रात्रभर पंखा चालला. एका सेलमधे अजून १२१० च दाखवतंय, त्याच्याकडं पुढच्या रविवारी बघतो. वाकळ धुऊन वाळत घातलीय.