जेसी-१२० वर ट्यूब स्क्रीमर

साउंडचेकला गिटारिस्टने पहिली कॉर्ड मारली आणि मला विचारलं, "दादा, पेडल बिघडलंय का?" पेडल ठणठणीत होतं. आयबनेझचा टीएस९, म्हणजेच ट्यूब स्क्रीमर, आवाज फाडणारं (ओव्हरड्राइव्ह) पेडल. ड्राइव्ह (किती फाडायचं) जवळजवळ शून्य, लेव्हल (बाहेर पडणारा आवाज) पूर्ण. घरी मार्शलच्या ट्यूब कॉम्बोवर (व्हॉल्व्हचा, स्पीकरसह एकाच पेटीतला अँप) गिटारिस्टचं हेच सेटिंग असतं. स्टेजवर मात्र भाड्याने आला होता रोलंड जेसी-१२० हा अँप.

या सेटिंगमध्ये टीएस९ स्वतः आवाज फारसा फाडत नाही. तो ट्यूब अँपच्या प्रीअँपला (अँपमधला सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) जोरदार सिग्नल देतो आणि फाटण्याचं काम तिथे होतं. जेसी-१२० ट्रान्झिस्टरचा, ६० वॉटच्या दोन बाजू असलेला. त्याला कितीही ढकला, आवाज फक्त मोठा होतो. शिवाय टीएस९ साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवतो. फाटायला आलेल्या ट्यूब अँपवर हा मोठा गुण, कारण जाड तारांची गिचमिड होत नाही. स्वच्छ अँपवर तेच नाकात बोलल्यासारखं ऐकू येतं. ड्राइव्हचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं ३ वाजता नेऊन पाहिलं. आवाज फाटला, पण भरदारपणा आला नाही.

मग दुसऱ्या गिटारिस्टचं बॉस बीडी-२ हे ओव्हरड्राइव्ह पेडल घेतलं. तो खालचे सूर बऱ्यापैकी राखतो, आणि पिकचा जोर बदलला की फाटणंही बदलतं. गेन (त्याचा ड्राइव्ह) १ वाजता ठेवला. टोन १० वाजता, कारण याचा वरचा भाग जेसीच्या १२ इंची स्पीकरमधून टोचतो. लेव्हल पेडल बंद असतानाच्या आवाजाइतकी. अँपवर ब्राइट स्विच (वरचे सूर वाढवणारा), कोरस (आवाज पसरवणारा इफेक्ट) आणि अँपचं स्वतःचं डिस्टॉर्शन बंद. ट्रेबल ४, मिडल ८, बास ४.

टीएस९ काढला नाही. गिटारमधून आधी टीएस९, मग बीडी-२, मग अँप. आता बीडी-२ हाच ट्यूब प्रीअँपच्या जागी होता, आणि टीएस९ त्याला घरच्यासारखाच ढकलत होता. सोलोला सूर लांबले, जाड तारा घट्ट राहिल्या. क्रम उलटा केला की टीएस९ फाटलेल्या आवाजाचा खालचा भाग दबवतो आणि सगळं पातळ होतं. तेही त्याला वाजवून दाखवलं. शेवटचं सेटिंग मात्र ड्रम आणि बास वाजत असतानाच पक्कं केलं, एकट्या गिटारवर केलेलं बँडमध्ये टिकत नाही.

जेसीऐवजी फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूब अँप फाटण्याच्या बेतात लावलेला असता, तर बीडी-२ मागितलाच नसता. त्या अँपच्या टोन सर्किटमध्ये मधले सूर खाली जातात आणि टीएस९ नेमकी तीच जागा भरतो.