जुना ओसीटी रिपोर्ट रद्दीत टाकू नका हो

चष्म्याच्या नंबरची दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी लोक पाकिटात घडी घालून जपून ठेवतात, आणि चांगले पैसे मोजून काढलेला ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांच्या स्कॅनचा, रिपोर्ट मात्र "घर बदललं ना ताई, तेव्हा गेला कुठंतरी" असं अगदी सहज सांगून मोकळे होतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नाशिकला गंगापूर रोडच्या एका क्लिनिकमध्ये. म्हणजे डॉक्टरांच्या आधी जी बाई तुम्हाला हनुवटी इथे ठेवा, कपाळ टेकवा, हिरव्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका असं सारखं सांगत असते ना, ती मी. तर आज या रिपोर्टबद्दलच लिहिते, कारण दिवसातून चारदा तेच तेच बोलून घसा बसलाय.

आधी मशीन काय करतं ते थोडक्यात. डोळ्याचा पडदा मधोमध जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो आणि त्याला थर आहेत. डॉक्टर लेन्स लावून बघतात तेव्हा तो समोरून दिसतो, आडवा कापून बघायची सोय नाही. ओसीटीत डोळ्याला फारसा न जाणवणारा इन्फ्रारेडच्या जवळचा उजेड आत सोडतात, तो प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो, आणि कुठून किती आला यावरून थरांचं चित्र तयार होतं. स्पर्श नाही, सुई नाही, एक्सरे नाही. हल्लीच्या मशीनला साधारण ५ मायक्रॉनपर्यंतचा फरक कळतो, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पाच. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं पहिलं यंत्र १८५१ मध्ये जगापुढे आणलं, आणि ओसीटीचा पहिला पेपर 'सायन्स' या नियतकालिकात आला १९९१ ला, एमआयटीच्या लोकांचा. त्यात पहिलं नाव डेव्हिड हुआंगचं, तो तेव्हा चक्क विद्यार्थी होता. पुढे २०२३ मध्ये त्याला आणि त्याचे सहकारी फुजिमोटो, स्वॉन्सन यांना वैद्यकातलं मोठं लास्कर अवॉर्ड मिळालं. १९९६ ला मशीन बाजारात आलं. जुनी मशीनं सेकंदाला चारशे रेषा काढायची, आताची पंचवीस हजारांपासून लाखापर्यंत काढतात, त्यामुळे मान हलणाऱ्या आजोबांचाही स्कॅन होऊन जातो, अर्थात आजोबा मध्येच माझ्याशी बोलायला लागले नाहीत तर.

आता मुद्दा. एक स्कॅन फार कमी सांगतो. दोन स्कॅनमधला फरक खरं काय ते सांगतो.

काचबिंदूचंच घ्या. त्यात डोळ्याच्या नसेचे तंतू हळूहळू मरतात आणि त्यांचा थर पातळ होत जातो. समजा कुणाची जाडी सरासरी ८२ मायक्रॉन आली. आता हा माणूस जन्मापासूनच ८२ वाला आहे का मागच्या सहा वर्षांत १०० वरून ८२ वर आलाय? पहिला असेल तर घरी जा, मिसळ खा. दुसरा असेल तर थेंब आजच सुरू. आणि हे एकच कागद बघून कुणालाच सांगता येत नाही, मग मशीन कितीही भारी असो. डॉक्टर डोळ्याचं प्रेशर बघतील, बाजूची नजर तपासायची फील्ड टेस्ट करतील, नसेचा खड्डा बघतील, अंदाज बांधतील, पण त्या माणसाने जुना रिपोर्ट आणला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. म्हणून मी म्हणते की पहिला स्कॅन हा दुसऱ्या स्कॅनसाठीच काढलेला असतो.

लाल-हिरव्याचं प्रकरण तर वेगळंच. रिपोर्टवर रंग असतात, हिरवा पिवळा लाल, आणि पेशंट रंग बघूनच घाबरतो. कॉलेज रोडच्या क्लासला जाणारा एक मुलगा आला होता, नंबर मायनस आठ, बाहेर कुठंतरी स्कॅन काढला, त्यात लालच लाल, आईने तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि अख्ख्या खानदानाने त्याला आंधळा ठरवून टाकलं. आता हे रंग येतात कुठून तर कंपनीने काही निरोगी लोकांचे डोळे मोजून ठेवलेत, त्यांच्याशी तुमची तुलना होते. खालच्या एक टक्क्यात आलात की लाल, एक ते पाच टक्क्यांत पिवळा. म्हणजे बघा, शंभर ठणठणीत लोक बसवले तरी पाचेक जणांना एखाद्या आकड्यावर पिवळा किंवा लाल येणारच, हिशोबच तसा आहे! त्यात मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला, तंतूंची रचना थोडी सरकलेली, त्यामुळे तिथे लाल दिसणं फार कॉमन. त्या मुलाच्या नसेत काही नव्हतं, तरी त्याला वर्षाने परत बोलावलंय, कारण मायनसवाल्यांना काचबिंदूचा धोका थोडा जास्त असतोच, आणि तेव्हा त्याची तुलना त्याच्याशीच होईल, कंपनीच्या लोकांशी नाही. ह्याच्या उलट केस जास्त वाईट. थर १०५ वरून ८८ वर आलाय, पण ८८ अजून हिरव्यातच बसतंय, आणि माणूस खूश की सगळं ग्रीन आहे.

अजून एक. रिपोर्टच्या कोपऱ्यात सिग्नल स्ट्रेंथ लिहिलेली असते, आमच्या मशीनवर दहापैकी. सहाच्या खाली असेल तर तो आकडा धरू नये. मोतीबिंदू दाट असेल, डोळा कोरडा असेल, पापणी मध्ये आली असेल, की पडदा आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचे डोळे इतके कोरडे असतात की मी आधी एक लुब्रिकंटचा थेंब टाकते, दोनदा उघडझाप करायला सांगते आणि मग स्कॅन घेते. दोन मिनिटांचं काम, रिपोर्ट बदलतो. घाईत हे होत नाही बऱ्याच ठिकाणी, मी काही कुणाचं नाव घेत नाही.

आणि मशीन बदललं की आकडे बदलतात, हे तर कुणी सांगतच नाही. मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची, जाडी मोजताना एक कंपनी खालची रेघ एका थरावर धरते, दुसरी त्याच्या खालच्या थरावर. त्यामुळे नॉर्मल डोळ्यातही दोन मशीनच्या आकड्यांत दहा-वीस मायक्रॉनचा फरक आरामात पडतो, आणि त्यातलं एक जुन्या पिढीचं, टाइम डोमेन मशीन असेल तर साठ-सत्तरचा. आता शुगरमुळे सूज आलेल्या एखाद्या मावशींची डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, एक स्कॅन नाशिकमध्येच द्वारकाला काढला, दुसरा आमच्याकडे, आणि वीसने जाडी वाढली म्हणून त्या रडकुंडीला आल्या. सूज वाढलेली नव्हतीच. आमच्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाण्याच्या पोकळ्या दाखवल्या, उलट कमी झाल्या होत्या. इंजेक्शन चालू असतील तर शक्यतो एकाच मशीनवर स्कॅन काढा, आणि बदलावंच लागलं तर आकडा नाही, चित्र सोबत न्या.

आता दुसरं मशीन, वाइड फील्डवालं. पडद्याचा फोटो काढणारा साधा फंडस कॅमेरा एका फोटोत साधारण ४५ अंश दाखवतो. वाइड फील्डवाला २०० अंश, म्हणजे पडद्याचा जवळजवळ ८२ टक्के भाग एका फटक्यात. हे मशीन ज्याने आणलं त्या स्कॉटलंडच्या डग्लस अँडरसनच्या पाच वर्षांच्या मुलाचा पडदा सुटला होता, वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि एका डोळ्याची नजर गेली, त्यातून त्या माणसाने १९९२ मध्ये ऑप्टॉस कंपनी काढली. लहान मुलांना डोळ्यावर झगझगीत उजेड मारून तपासणं किती अवघड असतं हे मी रोज बघते, त्यामुळे मला ही गोष्ट नेहमी आठवते. फोटो हिरवट-लाल येतो कारण दोन रंगांच्या लेझरवर तो रंगवलेला असतो, तर कृपया "माझा डोळा आतून हिरवा झालाय का" असं विचारू नका. बरं, विचारा, सांगेन.

आमच्याकडे याचा खरा फायदा वेगळाच आहे. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड साइडचे लोक बाईकवर येतात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की अर्धा तास बसा, मग पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर आणि उन्हात डोळे दिपतात, त्यात कुंभाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते, कसं जाणार माणूस? मग तो म्हणतो थेंब नको, पुढच्या वेळी बघू. आणि पुढची वेळ म्हणजे द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी आली, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, मग माल निघायचा, मग एप्रिलची खरड छाटणी. वर्ष गेलं. अशा माणसाचा थेंब न टाकता दोन मिनिटांत फोटो मिळतो ही फार मोठी गोष्ट आहे. पण काजवे चमकल्यासारखं होतंय, अचानक काळे ठिपके वाढलेत, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटतंय, असं काही असेल तर फोटोवर भागत नाही हं. कडेची बारीक भेग फोटोतून सुटू शकते, वर-खाली पापण्यांचे केसच येतात फोटोत. तिथे थेंब टाकून, कडेला दाबून, डॉक्टरांनी डोळ्यानेच बघायचं असतं.

शुगरवाल्यांना तर मी फोटो दाखवल्याशिवाय सोडत नाही. एक नाना आहेत, द्राक्षबागवाले, शुगर किती वर्षांपासून ते त्यांनाही नक्की माहीत नाही. "मला बोर्डावरची शेवटची ओळ वाचता येते ताई, कशाला तपासायचं?" बरोबर आहे त्यांचं, शेवटची ओळ वाचली त्यांनी. पडद्यावर मात्र लाल ठिपके, पिवळे डाग. फोटो मोठा करून दाखवला तर पाच मिनिटं गप्प, मग विचारलं की हे पुसलं जातं का. शुगर पडद्यावर काम करते तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही, दिसायला कमी येतं तेव्हा बरंच होऊन गेलेलं असतं. २०२३ ला आयसीएमआरचा जो अभ्यास आला त्यात देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, एवढ्यांना दरवर्षी रेटिनाचा डॉक्टर तपासेल हे शक्यच नाही. म्हणून फोनला जोडायचा कॅमेरा आणि त्याचा फोटो तपासणारं एआय हे मला फॅड वाटत नाही. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये फोनवरच्या, इंटरनेट न लागणाऱ्या एआयवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, रिझल्ट चांगले होते. आपल्या नाशिकचेच रमेश रासकर, एमआयटी मीडिया लॅबवाले, त्यांच्या टीमने २०१५ मध्ये स्वतःच्या पडद्याचा फोटो स्वतःच काढता येईल असं उपकरण दाखवलं होतं. सुरगाणा-पेठच्या आरोग्य केंद्रात असं काही रोजच्या वापरात आलं तर किती लोकांची एसटीची फेरी वाचेल. फक्त तो फोटो नीट साठवला पाहिजे, पुढच्या वर्षी त्याच माणसाचा दुसरा फोटो शेजारी लावता आला पाहिजे. एआयने "रेफर" लिहिलं आणि फोटो फोनसोबत हरवला, तर आपण होतो तिथेच.

दुसऱ्या स्कॅनची मजा बघायची असेल तर अंबडच्या कंपनीतला एक दादा सांगते. वय पस्तीसच्या आसपास, नाइट शिफ्ट, एका डोळ्यासमोर मधोमध गोल डाग, रेषा वाकड्या दिसतात, चष्मा बदलून उपयोग नाही. ओसीटीत पडद्याखाली पाण्याचा फुगवटा. पाठदुखीसाठी कुणाकडून तरी पुड्या घेत होता, त्यात स्टिरॉइड असावं असा मॅडमना संशय आला, त्यांनी त्या बंद करायला लावल्या आणि घाईने काही न करता थांबायचं ठरवलं. हा आजार बऱ्याचदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. पुढच्या स्कॅनला फुगवटा निम्मा, त्याच्या पुढच्याला सपाट. तिन्ही चित्रं त्याने मोबाईलवर घेतली, आता कंपनीत सगळ्यांना दाखवतो.

तर स्कॅन काढला की पीडीएफ मागून घ्या, स्वतःलाच मेल करून ठेवा, ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सवर समाधान मानू नका, तारीख आणि मशीनचं नाव दिसतंय ना बघा. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असलेल्यांनी तर नक्कीच, पहिल्या वर्षात एक बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा पहिला स्कॅन, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनीचा त्रास असेल किंवा डोस जास्त असेल तर त्याआधीपासून.

आणि उगाच सारखे काढूही नका. एचएएलमधून रिटायर झालेले एक काका आहेत, फाईल इतकी टापटीप की मला लाज वाटते, डावा डोळा उजवा डोळा वेगळे सेपरेटर लावलेले, प्रत्येक रिपोर्टमधली जाडी एक्सेलमध्ये भरून ग्राफ काढलेला. दोन्ही डोळे उत्तम. मागच्या आठवड्यात तीन महिन्यांनी परत स्कॅन काढायला आले. मी म्हटलं काका, दोन-चार मायक्रॉन तर एकाच दिवशी दोनदा मोजलं तरी इकडे तिकडे होतात, वर्षाने या. चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, बघतो, इथेच कॅनडा कॉर्नरला एक नवीन मशीन आलंय म्हणे. आता तिथले आकडे वेगळे येणार, ग्राफला मोठा खड्डा पडणार, आणि काका सोमवारी सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी दारात उभे असणार.